फोनवर ‘मॅडम’, समोर ‘बायकी’: आवाज एकच असताना लोकांचे मत का बदलते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. तुमचे वय 26 आहे, दाढीमिशा नीट आहेत, अंगकाठी चारचौघांसारखी आहे, पण आवाज शाळेत होता तसाच बारीक राहिला आहे. तुम्ही ग्राहक-सेवेत काम करता आणि दिवसभर फोनवर बोलता. तिथे बहुतेक ग्राहक तुम्हाला ‘मॅडम’ म्हणतात, त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, उलट तुमच्या बोलण्यातल्या मार्दवाचे कौतुक होते. तोच आवाज कार्यालयात डबे उघडताना निघाला की सहकारी एकमेकांकडे बघतात, आणि मुलगी पाहायला गेलात तेव्हा तिच्या मामांनी ‘मुलगा जरा बायकी वाटतो’ असा निरोप धाडला. घरचे आता ऑपरेशनचा आग्रह धरत आहेत. दोष आवाजात आहे की ऐकणाऱ्यांत, आणि उपचार घ्यावा की नाही, असे तुम्ही विचारले आहे.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, म्हणजे लोक ज्याला स्पीच थेरपिस्ट म्हणतात ते काम अनेक वर्षे करत आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत आवाजाच्या तक्रारी घेऊन येणारे बरेच असतात. तुमचे स्वरयंत्र तपासल्याशिवाय निदान करता येणार नाही, हे आधीच स्पष्ट करते. पण तुम्ही जे वर्णन केले आहे त्यातून विचार कोणत्या क्रमाने करावा हे मात्र नक्की सांगता येते. एक प्रश्न तुमच्या शरीराचा आहे: वयात येताना स्वरयंत्र वाढले का, आणि वाढले असल्यास तुम्ही ते पूर्णपणे वापरता का? दुसरा प्रश्न ऐकणाऱ्यांचा आहे. बहुतेक जण पहिल्यापासून सुरुवात करतात. मी दुसऱ्यापासून करणार आहे, कारण लोक तुमचा आवाज कसा ऐकतात हे उमगले नाही तर उपचाराचा निर्णय मामांच्या निरोपावर होईल आणि तो तुमच्या गळ्याच्या गरजेवर होणार नाही.

माझ्या अनुभवाचा गाभा असा आहे की माणसे आवाज सुटा ऐकतच नाहीत. समोरचे शरीर पुरुषाचे आहे की बाईचे, हे ती एका नजरेत ठरवून टाकतात, आणि मग आवाज, चाल, हातवारे, हसणे हे सगळे त्या शरीराला शोभते का याचे माप काढतात. फोनवर शरीर दिसत नाही. तिथे ग्राहक उलट्या दिशेने जातो: आवाजावरून शरीराची कल्पना करतो, एक बाई डोळ्यांसमोर आणतो, आणि त्या कल्पनेतल्या बाईला तुमचा आवाज अगदी शोभून दिसतो. विसंगती उरतच नाही, म्हणून हसण्यासारखेही काही उरत नाही. जेवणाच्या टेबलाशी मात्र दाढी आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. तुमच्या गळ्यात या दोन्ही ठिकाणी तसूभरही फरक पडलेला नसतो.

ऐकणाऱ्यांची ही सवय निराधार नाही, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवे. लहानपणी मुलगा आणि मुलगी यांची स्वरयंत्रे जवळजवळ सारखीच असतात. मिसरूड फुटण्याच्या वयात टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकामुळे मुलाचे स्वरयंत्र वाढते, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज फुटून जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलीचा आवाजही उतरतो, पण दोन-तीन स्वरांइतकाच. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा कंप पावतात, बाईचे साधारण 180 ते 220 वेळा. याशिवाय स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी पुरुषात सुमारे 17 सेंटिमीटर आणि बाईत 14 ते 15 सेंटिमीटर असते, त्यामुळे एकाच पट्टीत बोलले तरी दोघांच्या आवाजाचा घुमारा वेगळा येतो. म्हणजे शरीर आणि आवाज यांचा संबंध खरा आहे, आणि कानाला तो लहानपणापासून पाठ झालेला असतो. अडचण पुढे सुरू होते. हा संबंध सरासरीचा आहे. मधला पट्टा मोठा आहे, त्या पट्ट्यात बरेच पुरुष आणि बऱ्याच बाया बोलतात, आणि कान मात्र सरासरीलाच नियम मानून बसतो.

फोनबद्दल एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनी-वाहिनीतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंप) दरम्यानचाच ध्वनी पलीकडे पोहोचतो. बोलणाऱ्याचा मूळ स्वर, मग तो पुरुषाचा 110 हर्ट्झचा असो की बाईचा 200 हर्ट्झचा, या चाळणीच्या खालीच राहतो. ऐकणाऱ्याचा मेंदू वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे मूळ स्वरासोबत निघणाऱ्या उंच ध्वनींवरून, तो मनातल्या मनात उभा करतो. म्हणजे फोनवरचे ‘मॅडम’ हे अंशतः ऐकणाऱ्याने स्वतः रचलेले असते. नव्या मोबाइल जाळ्यांत ही चाळणी बरीच रुंद झाली आहे, पण कॉल सेंटरच्या सगळ्या ओळींवर तसे असतेच असे नाही. माझ्याकडे येणारे काही पुरुष सांगतात की त्यांनी ‘मी बोलतोय’ असे स्पष्ट म्हटले तरी पलीकडचा माणूस ‘हां मॅडम, बोला’ असेच उत्तर देतो. आपल्या भाषेत क्रियापदच बोलणाऱ्याचे लिंग सांगते, पण एकदा बाईची प्रतिमा मनात बसली की ते ‘तोय’ कानावर पडूनही नोंदले जात नाही.

हे काही ऐकणाऱ्यांच्या दुष्टपणामुळे होत नाही, आणि याचा पुरावा प्रयोगशाळेतही मिळालेला आहे. 1999 मध्ये जॉन्सन, स्ट्रँड आणि डी’इम्पेरिओ या संशोधकांनी इंग्रजीतल्या दोन जवळच्या स्वरांच्या मधला, धड हा नाही की तो नाही, असा ध्वनी लोकांना ऐकवला. पडद्यावर पुरुषाचा चेहरा असताना लोकांनी तो एक स्वर म्हणून ऐकला आणि बाईचा चेहरा असताना त्या दोहोंमधली सीमारेषाच सरकली. इतकेच काय, चेहरा न दाखवता नुसते ‘बोलणारी बाई आहे अशी कल्पना करा’ असे सांगितले तरी ती सरकली. म्हणजे समोरच्याच्या लिंगाविषयीची समजूत आवाजाबद्दलच्या मतापुरती थांबत नाही, शब्द कोणता ऐकू येतो इथपर्यंत ती शिरते. त्याआधी, 1976 मध्ये, काँड्री आणि काँड्री यांनी एका तान्ह्या बाळाचे चित्रीकरण दाखवले होते. झाकण उघडताच आतून बाहुले उसळणारी पेटी पाहून ते बाळ रडते. ते मुलगा आहे असे ज्यांना सांगितले त्यांना त्याच्या रडण्यात राग अधिक दिसला, मुलगी आहे असे सांगितले त्यांना भीती अधिक दिसली. बाळ तेच होते आणि रडणेही तेच होते.

तुमच्या सहकाऱ्यांचे वागणे यामुळे माफ होते असे माझे म्हणणे नाही. कानाला वेगळेपण जाणवणे हे आपोआप घडते, पण त्यानंतर एकमेकांकडे बघणे, नक्कल करणे, टोपणनाव ठेवणे ही माणसाने निवडलेली कृती असते आणि तिची जबाबदारी त्याचीच आहे. हा फरक मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तरुणाला आवर्जून सांगते, कारण वर्षानुवर्षे हसे झाल्यावर त्याला वाटू लागते की आपणच लोकांना हसायला भाग पाडतो.

शरीर, आवाज आणि लोकांची नजर यांचे गणित पाहायला आपल्याला फार लांब जायला नको. शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल यांच्या गळ्यावर उपचार झाल्यानंतर त्यांचा आवाज खाली उतरला आणि त्या पुढचे सगळे आयुष्य त्याच भरदार, रुंद आवाजात गायल्या. त्यांचे ध्वनिमुद्रण नाव न सांगता कोणाला ऐकवले तर ‘हे कोणते बुवा?’ असा प्रश्न आजही येतो. पण साधी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू अशा रूपात त्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात मंचावर बसल्या की श्रोत्यांना त्या आवाजात काही कमी वाटले नाही. किराणा घराण्याचा सूर ऐकायला आलेल्या माणसांना तो सूर मिळत होता. दुसऱ्या बाजूला बालगंधर्व होते. 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला म्हणून ते उभे राहिले आणि पुढे भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिकांत त्यांचे चालणे, पदर सावरणे, बोलणे यांचे घरंदाज बायकांनीही अनुकरण केले. पडद्यामागे नारायण श्रीपाद राजहंस हे पुरुष आहेत हे नाट्यगृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तीच लकब त्याच काळात एखाद्या साध्या कारकुनाने कचेरीत दाखवली असती तर त्याचे काय झाले असते, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक आहे. मंचावर त्या पुरुष-शरीराला बाईपणाची मुभा होती, कारण ती भूमिका होती आणि सर्वांनी तसे आधीच मान्य केले होते. म्हणजे ‘शोभणे’ हे शरीर आणि आवाज या दोनच गोष्टींवर ठरत नाही. कोणत्या जागी, कोणत्या नात्याने, काय अपेक्षा घेऊन ऐकले जाते यावरही ते ठरते.

यात पुरुष आणि बायका यांना लागणारा दंड सारखा नसतो. बाईचा आवाज खालचा असेल तर नोकरीत तिला ‘भारदस्त’ म्हटले जाते, बैठकीत तिचे ऐकले जाते, आणि म्हणूनच काही महिला नेत्यांनी आणि निवेदिकांनी मुद्दाम आवाज खाली आणला. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी त्यासाठी प्रशिक्षण घेतले होते. पण त्याच बाईला पाहायला आलेली मंडळी ‘मुलीचा आवाज घोगरा आहे’ असे म्हणून उठतात, हेही मी अनेक आयांच्या तोंडून ऐकले आहे. पुरुषाचा आवाज बारीक असेल तर त्याला मात्र कुठल्याच जागी लाभ होत नाही; लोक त्यातून त्याच्या धीटपणाबद्दल, कर्तृत्वाबद्दल, त्याला कोण आवडते याबद्दल तर्क करू लागतात. तुमच्या बाबतीत तो तर्क कोणी बोलून दाखवला की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. तरी लिहून ठेवते: स्वरतंतूंच्या कंपनांचा आणि माणसाच्या लैंगिक ओढीचा काही संबंध नाही, आणि आवाज बदलल्याने ती ओढ बदलतही नाही. कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागलेल्या बायकांचे उदाहरण यासंदर्भात मला नेहमी आठवते. नव्याने बोलायला शिकल्यावर त्यांचा आवाज खूप खालचा आणि खरखरीत येतो, फोनवर त्यांना ‘दादा’ किंवा ‘काका’ म्हटले जाते, आणि त्यांतल्या कित्येक जणी जीव वाचला याहून जास्त वेळ या ‘काका’बद्दल बोलतात. ऐकणाऱ्याला तो एक शब्द असतो, ऐकवले जाणाऱ्याला तो तसा नसतो.

आणखी एक गोष्ट, आणि मग तुमच्या गळ्याकडे वळते. आवाजातले पुरुषपण किंवा बाईपण सगळेच्या सगळे शरीरातून येते असे नाही. वयात येण्याआधी मुलांची आणि मुलींची पट्टी जवळपास एकच असते, तरीही नुसते ध्वनिमुद्रण ऐकून लोक बऱ्याचदा बरोबर ओळखतात की बोलणारा मुलगा आहे की मुलगी. याचे थोडे श्रेय घुमाऱ्यातल्या बारीक फरकाला आहे, पण बरेचसे शिकलेल्या लकबीला आहे: वाक्याचा शेवट कसा सोडायचा, हेल किती काढायचा, ओठ किती ताणायचे. ऑस्ट्रेलियात तरुणींची 1945 मधली आणि 1993 मधली ध्वनिमुद्रणे ताडून पाहिली तेव्हा नंतरच्या पिढीची बोलण्याची पट्टी सुमारे 23 हर्ट्झने खाली आलेली आढळली. अर्ध्या शतकात बायकांची स्वरयंत्रे तेवढी वाढत नाहीत. बाईने कसे बोलावे याची अपेक्षा बदलली. ट्रान्स स्त्रियांसोबत काम करताना हे रोज दिसते. पुरुष-यौवनात एकदा जाड झालेले स्वरतंतू इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाने पुन्हा बारीक होत नाहीत, त्यामुळे त्यांना पट्टी, घुमारा आणि लकब तिन्ही सरावानेच घडवावी लागतात. आणि पट्टी पुरेशी वर नेऊनही घुमारा तसाच राहिला तर ऐकणारे त्यांना फोनवर पुरुषच समजतात. याउलट ट्रान्स पुरुषांचा आवाज टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर काही महिन्यांत आपोआप उतरू लागतो, पण बोलण्याची जुनी लकब बराच काळ राहते.

आता तुमचा गळा. दाढी नीट आली आहे, बांधा पुरुषी आहे आणि आवाज मात्र शाळेतला आहे, हे चित्र आम्हाला ओळखीचे आहे. वैद्यकीय भाषेत याला प्युबरफोनिया म्हणतात. यात बहुतेकदा स्वरयंत्र व्यवस्थित वाढलेले असते, खालचा आवाज त्यात तयार असतो, पण आवाज फुटण्याच्या त्या अवघड महिन्यांत मुलगा वरच्याच आवाजाला धरून राहतो आणि स्नायूंना तीच सवय लागते. स्वरयंत्र गळ्यात उंच ओढलेले राहते आणि स्वरतंतू ताणून पातळ केले जातात. कारणे वेगवेगळी असतात: आवाज चिरकतो म्हणून वर्गात झालेली थट्टा, गाणे सुटण्याची भीती, कधी कोणतेच कारण हाती लागत नाही. आवाज बारीक म्हणजे मनातून बाई व्हायचे आहे, असा अर्थ त्यातून काढण्याला काहीच आधार नाही.

घरी एक साधी गोष्ट करून पाहा. खोलीत एकटे असताना एकदा मोकळेपणाने जोरात खोका, घसा खाकरा, आणि त्यावेळचा आवाज ऐका. बोलताना बारीक असणारा आवाज खोकताना जाड, खालचा येत असेल तर खालचा आवाज तुमच्या गळ्यात आहे आणि तो फक्त बोलण्यात येत नाही, अशी बरीच शक्यता आहे. खोकलाही बारीकच येत असेल तर त्याचा अर्थ वेगळा असू शकतो आणि तपासणी अधिक गरजेची ठरते. दोन्ही स्थितींत पहिली भेट कान-नाक-घसा तज्ज्ञांची घ्या. ते दुर्बिणीतून स्वरतंतू पाहतील, कारण गाठ, पडदा, एका बाजूचा अर्धांग अशी कारणे आधी बाजूला काढावी लागतात. तुम्ही दाढीबद्दल लिहिले आहे म्हणून संप्रेरकांचा दोष असण्याची शक्यता मला कमी वाटते; पण ज्यांना दाढीमिशा, अंगावरचे केस, इतर यौवनलक्षणे नीट आलेली नाहीत त्यांनी आवाजावर काम सुरू करण्याआधी अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे जायलाच हवे.

प्युबरफोनिया निश्चित झाला तर उपचार व्यायामाचा असतो, आणि तो कसा चालतो हे जवळून सांगते. मी समोर बसलेल्या तरुणाचा जबडा सैल करून घेते, कंठमणी चिमटीत धरून हलकेच खाली दाबते आणि त्याला खोकायला सांगते. मग त्या खोकल्याच्या शेपटाला ‘आ’ जोडायला सांगते. पहिल्या काही वेळा ‘आ’ पुन्हा वर निसटतो. मग एका क्षणी तो खालीच राहतो, छातीवर ठेवलेल्या त्याच्या स्वतःच्या तळहाताला कंप जाणवतो, आणि तो दचकून थांबतो. बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया आनंदाची नसते. ‘हा माझा आवाज नाही,’ असे ते म्हणतात, आणि लगेच जुन्या आवाजात म्हणतात. त्यानंतर ‘आ’वरून अंक, अंकांवरून नावे, नावांवरून वाक्ये असे पुढे जायचे असते. पुष्कळ जणांना खालचा आवाज पहिल्या काही भेटींतच सापडतो. तो बाहेरच्या जगात वापरणे हे खरे काम असते आणि त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात.

या टप्प्यावर ऐकणाऱ्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, म्हणूनच मी त्याच्यापासून सुरुवात केली. अनोळखी माणसे नवा आवाज निमूट स्वीकारतात, कारण तो शरीराशी जुळतो. रिक्षावाला, दुकानदार, नवा ग्राहक यांच्याशी बोलताना काहीच घडत नाही. ओळखीचे मात्र अडवतात. आई म्हणते, ‘सर्दी झाली का रे?’ मित्र म्हणतात, ‘हा मुद्दाम जाड आवाज काढतोय.’ तीच मंडळी जी आधी बारीक आवाजाला हसत होती तीच आता जाड आवाजाला खोटा ठरवतात, कारण त्यांनी तुम्हाला ‘तो आवाज असलेला माणूस’ म्हणून मनात कायम करून ठेवलेले असते. म्हणून मी नवा आवाज आधी परक्यांपुढे वापरायला सांगते, मग घरातल्या एका विश्वासाच्या माणसापुढे, आणि त्या माणसाला आधी माझ्यासमोर बसवून आवाज ऐकवते. कार्यालय शेवटी येते. तुमच्या बाबतीत फोनवरचे काम हा मोठा आधार होईल: दिवसभर अनोळखी लोक, प्रत्येक फोन नवा, आणि ‘सर’ की ‘मॅडम’ ही दाद तिथल्या तिथे मिळते.

ऑपरेशनबद्दल. जपानचे शल्यविशारद नोबुहिको इश्शिकी यांनी 1974 मध्ये स्वरयंत्राच्या कूर्चेवरच्या शस्त्रक्रियांचे चार प्रकार मांडले. त्यांतल्या तिसऱ्या प्रकारात कूर्चेचा थोडा भाग काढून स्वरतंतू सैल केले जातात आणि आवाज उतरतो. ही शस्त्रक्रिया आपल्याकडेही होते आणि निवडक रुग्णांना तिचा उपयोगही होतो. पण व्यायामाला योग्य संधी दिल्यावरही आवाज उतरला नाही तरच तिचा विचार करायचा असतो. ज्या गळ्यात खालचा आवाज आधीच आहे आणि नुसती सवय आड येते आहे, तिथे थेट सुरीने सुरुवात करणे मला मान्य नाही. घरच्यांना हे माझ्या शब्दांत वाचून दाखवायला हरकत नाही. आणि कृपया स्वतःहून गळा दाबून, घसा घासून जाड आवाज काढण्याचा सराव करू नका. त्याने आवाज भारदस्त होत नाही, बसतो.

उपचार घ्यावाच का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती परिस्थिती तुमची आहे. प्युबरफोनियाचा आवाज बहुधा अशक्त असतो: गोंगाटात पोहोचत नाही, हाक मारता येत नाही, दिवसअखेर गळा थकतो. असे काही तुम्हाला होत असेल तर कोणी हसो वा न हसो, उपचार घेण्यासारखे कारण आहे. तसे काही होत नसेल, पण आवाज तुम्हाला स्वतःला आपला वाटत नसेल, तरीही ते पुरेसे कारण आहे. पण तपासणीत स्वरयंत्र निरोगी निघाले, आवाज थकत नाही, आणि तुम्हाला तो आवडतो, फक्त इतरांच्या नजरेमुळे नकोसा झाला आहे, असे असेल तर मी तुम्हाला रुग्ण म्हणणार नाही. काही पुरुषांचा आवाज जन्मजात ठेवणीनेच 150-160 हर्ट्झच्या आसपास असतो. तो त्यांचा आवाज असतो, बिघाड नसतो. अशा वेळी मी फार तर फेक, श्वासाचा आधार आणि वाक्याचा शेवट ठाम करणे एवढेच शिकवते, कारण त्याने ऐकणाऱ्याचा पट्टीविषयीचा आग्रह बराच सैल होतो. आणि फोनवर सुरुवातीलाच नाव सांगा. ‘मी अमुक बोलतोय’ हे पहिल्या श्वासात आले तर ऐकणाऱ्याच्या मनात बाईची प्रतिमा तयार व्हायच्या आतच पुरुषाचे नाव पोहोचते आणि त्यानंतर पुष्कळदा तोच आवाज त्याला पुरुषाचा ऐकू येतो.

मामांच्या निरोपाबद्दल तुम्ही थेट विचारलेले नाही, पण प्रश्नात तो तीन ठिकाणी आला आहे, म्हणून लिहिते. मुलीने काय म्हटले हे तुम्ही लिहिलेले नाही. पुढच्या वेळी दोन्हीकडची माणसे भरलेल्या खोलीत पोहे खाताना भेटण्याआधी मुलीशी फोनवर एकदा बोलता आले तर पाहा. सगळ्या नात्यांत आवाज आधी आणि शरीर मागून असा क्रम ठेवता येत नाही, पण जिच्याशी आयुष्यभर बोलायचे आहे तिने तुम्हाला आधी नुसते ऐकावे हे मला योग्य वाटते.

तज्ज्ञांकडे जाताना तीन गोष्टी सोबत न्या: नेहमीच्या बोलण्याचे दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण, खोकल्याचे आणि खळखळून हसण्याचे ध्वनिमुद्रण, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षांतले एखाद्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण असल्यास ते. आवाज कधी फुटायला हवा होता आणि तेव्हा काय घडले, हे त्या शेवटच्या ध्वनिमुद्रणातून बऱ्याचदा कळते. तपासणीचा अहवाल आल्यावर इथेच कळवा, म्हणजे पुढचे नेमके बोलता येईल.